क्लोव्हिसची मैत्रीण

किसिमी, ७ जून १९९८

कोरी गं,

पाकीट उघडलंस ना? मग आता पुरतं वाच, आणि फाडायचं असेल तर नंतर फाड. बातमीच अशी आहे की सकाळपासून माझा पाय घरात ठरत नाही. कॉफी ठेवली ती उतू गेली, पुन्हा ठेवली आणि प्यायची विसरले. आत्ता लिहितेय तीसुद्धा ओट्याशी उभी राहून. खुर्ची आहे, पण बसवत नाही.

तर ऐक. ऑड्रा क्लोव्हिसची मैत्रीण झाली.

तू म्हणशील, मैत्रीण झाली म्हणजे काय, आणि आईचं डोकं उन्हानं फिरलं का. अगं, ती काम करते त्या करमणुकीच्या पार्कात असं बोलायचंच नसतं, की अमकी मुलगी तमक्या सोंगाच्या आत असते. सोंगाच्या आत कोणी नसतंच मुळी. फार तर 'माझी त्याच्याशी मैत्री आहे' एवढं म्हणायचं. घरीसुद्धा! परवा जेवताना मी विचारलं, "बाई, त्या पोशाखात तुला उकडत असेल ना गं?" तर घास खाली ठेवून मला म्हणते, "मला कशाला उकडेल, आजी? क्लोव्हिसला उकडतं. तोच सांगत होता." हसता हसता मला ठसका लागला.

क्लोव्हिस तुला ठाऊक असायचं कारण नाही. तुझ्या जन्माच्या कितीतरी आधी तो पडद्यावरून गेला. हालत्या चित्रांना रंग नव्हते तेव्हाचा तो. डोक्याला वाटीसारखी टोपी घातलेला पॉसम. मी शाळा सोडून संत्र्यांच्या शेडमध्ये लागले ना, तेव्हा दर शनिवारी मालक तिथंच चादर बांधून चित्रं दाखवायचा. आम्ही पोरं पेट्यांवर बसायचो, हाताला संत्र्याचा वास. क्लोव्हिसच्या मागे कोणी लागलं, कुत्रा म्हण, पोलीस म्हण, त्याची बायको म्हण, की तो धाडकन पडायचा आणि मेल्याचं सोंग घ्यायचा. खऱ्या पॉसमसारखंच. आपल्या घराखाली मांजराएवढी एक राहतेय सध्या. शेजारच्या वेंडेलचं कुत्रं आलं की जीभ बाहेर काढून अशी आडवी होते की मी पहिल्या दिवशी फावडं घेऊन पुरायला गेले होते. वळून बघते तर बाई चालत्या झालेल्या.

कुठे होते मी? हां. तर पार्कवाल्यांनी कुठल्याशा बंद पडलेल्या स्टुडिओची जुनी चित्रं विकत घेतली आणि त्यातली तीन सोंगं पुन्हा उभी केली. क्लोव्हिस, एक खेचर आणि एक रडका ढग. सप्टेंबरात कामगार दिनाची सुट्टी असते, तोवर बघणार. ज्याच्यापुढे पोरांची रांग लागेल तो राहील, बाकीचे परत पेटीत. आणि क्लोव्हिस पेटीत गेला की ऑड्रा पुन्हा मिरवणुकीत संत्रं.

दोन वर्षं संत्रं होती ती, कोरी. ओळीतलं शेवटून दुसरं. संत्र्याला ना तोंड ना नाव. तू म्हणाली होतीस, "नर्सिंगचं तिसरं वर्ष सोडून माझी मुलगी फळ झाली." मला अजून ते आठवलं की हसू येतं. तुला आलं नव्हतं. त्यानंतर तू तिच्याशी बोलली नाहीस आणि माझ्याशी बोललीस ती फक्त आत्या वारली तेव्हा. मी तिला पार्कातल्या कामाच्या चाचणीला नेलं म्हणून राग ना? अगं, मी नुसती गाडी चालवली. गाडी कोणाला तरी चालवावीच लागते.

ते जाऊ दे. मला एवढंच हवंय की क्लोव्हिस पेटीत जायच्या आत तू एकदा येऊन बघावंस. तिला एकदा चेहऱ्यासकट काम मिळालंय. म्हणजे तिचा नव्हे, पॉसमचा, पण चेहरा तो चेहरा.

तुझी आई

—

किसिमी, २४ जून

कोरी,

उत्तर नाही आलं. डुलुथहून पत्राला वेळ लागतो म्हणा. तिकडे अजून तळ्यावरून गार वारा येत असेल. इथं पंखा गरम हवा फिरवतो नुसती.

मी पार्कात जाऊन क्लोव्हिसला बघून आले. किसिमीतल्या म्हाताऱ्यांना पार्कात सवलतीचा पास मिळतो. वेंडेललाही नेलं होतं, तर तो सगळा वेळ टर्कीच्या तंगडीशी झटापट करत बाकावर बसला.

काय सांगू? क्लोव्हिस देखणा आहे गं. पण करडा आहे. डोक्यापासून शेपटीपर्यंत करडा, काळा आणि पांढरा, कारण चित्रात तो तसाच होता. लिंडक्विस्टबाई म्हणून ह्या सोंगांच्या मुख्य आहेत, चाळिशीच्या, बारीक केस कापलेल्या. त्यांनी ती जुनी चित्रं इतक्यांदा पाहिली आहेत की क्लोव्हिस कोणत्या पायानं घसरतो तेही त्यांना पाठ. वरच्या साहेबांनी सांगितलं, जांभळा करा, पोरांना जांभळा आवडतो. बाई म्हणाल्या, "जांभळा केलात तर तो दुसराच कोणीतरी असेल. मग त्याला शोधून काढला कशाला?" आणि अडून बसल्या. मला आवडल्या त्या.

पण पोरं! एक मुलगी आईला म्हणाली, "मम्मा, ह्याला धुतलाय का खूप?" दुसरा जवळ आला, वास घेतला आणि गेला. खेचरापुढे रांग, कारण खेचर लाथ मारतं. ढगापुढे रांग, कारण तो पाणी उडवतो आणि ह्या उन्हात मीही जाऊन उभी राहिले असते. क्लोव्हिस बिचारा हात हलवत उभा.

आणि खरी गंमत अशी की त्याला पडायलाच बंदी! सोंगातलं कोणी खाली पडलं की उष्माघात झाला असं धरतात. सोबतीनं लगेच वॉकीटॉकीवर बोलायचं, मग मागच्या दारातून माणसं पळत येतात, पडदा धरतात, उचलून नेतात. पहिल्याच दिवशी ऑड्रा सवयीनं पडली, तर पडदेवाले येऊन तिला घेऊन गेले. ती आतून हसत होती, पण बोलायची मुभा नाही. सोंग बोलत नाही, काही झालं तरी. आता बोल, न पडणारा क्लोव्हिस म्हणजे लोण्यावाचून मक्याच्या कण्या. गिळता येतात, पण कशाला?

त्याचा सोबती रुफिनो. सोबती म्हणजे बरोबर चालणारा माणूस, कारण सोंगाला पायाखालचं दिसत नाही. पोर्तो रिकोचा आहे, मोठा गोड माणूस. मला 'डोन्या ओडेल' म्हणतो. त्यांच्यात बाईमाणसाला मान देऊन तसं म्हणतात. मला जन्मात कोणी मानानं हाक मारली नव्हती, म्हणून मी उगाच दोनदा ऐकू आलं नाही असं केलं.

घरी आल्यावर ऑड्रा मागच्या अंगणात जुनी गादी टाकते आणि पडायचा सराव करते. आधी टोपी पडते, मग गुडघे, मग सगळी आडवी. आडवी झाली की शेवटी शेपटीचं टोक जरासं हलवायचं. म्हणजे बघणाऱ्याला कळतं, लबाड जिवंत आहे. मी म्हटलं, "पण तुला तर पडू देत नाहीत." म्हणाली, "आजी, देतील तेव्हा येत नसलं तर?"

हट्ट कोणाचा उचललाय हे मी सांगायला हवं का?

आई

—

किसिमी, १२ जुलै

कोरी,

वणवे तुमच्या टीव्हीवर दाखवतायत का? घाबरू नकोस, आमच्यापासून लांब आहेत. धूर मात्र येतो, वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवावे लागतात. वेंडेल त्याच्या घराच्या छतावर पाणी मारत बसतो, आणि ते माझ्या खिडकीतून आत येतं. सगळेच जरा सैरभैर झालेत. मी दिवसातून कितीदा पत्रपेटी उघडून बघते ते पोस्टमनलासुद्धा कळलंय. "डुलुथचं नाही, ओडेल," असं लांबूनच ओरडतो.

बातमी ही की क्लोव्हिसला पडायची परवानगी मिळाली! लिंडक्विस्टबाई सुरक्षेच्या साहेबांकडे गेल्या. समजावलं, विनवलं, चित्र दाखवलं. साहेब म्हणाले, "बाई, पडलेला माणूस आणि पडल्याचं सोंग केलेला माणूस आमच्या लोकांना ओळखू येणार कसा?" बाई बोलता बोलता थांबल्या आणि धाडकन गालिच्यावर आडव्या झाल्या. स्कर्ट घालून! साहेब टेबलावरून उडी मारल्यासारखे आले. बाईंनी एक डोळा उघडला. म्हणाल्या, "शेपटीवरून." रुफिनोनं दाराच्या फटीतून पाहिलं आणि मला नक्कल करून दाखवली. आता नियम असा: पडल्यावर शेपटीचं टोक हललं तर सगळं ठीक, नाही हललं तर पडदा.

तर आता पडतो तो. आणि पडतो कसा! मी पाहिलं तेव्हा माझ्या तोंडातून शेडमधल्यासारखी शिट्टी निघाली. ह्या वयात!

पण कोरी, पोरं हसतात आणि मग नुसती बघत राहतात. आम्ही काय करायचो माहीत आहे? क्लोव्हिस पडला की सगळं शेड ओरडायचं, "ऊठ, क्लोव्हिस! ऊठ!" पत्रे हादरायचे. आम्ही हाका मारल्याशिवाय तो उठायचाच नाही. म्हणजे आम्हाला तरी तसं वाटायचं. पडद्यावरचं चित्र ते, पण शपथेवर सांगते, आम्ही ओरडलो म्हणूनच तो एक डोळा उघडायचा. आताच्या पोरांना हे कोणी सांगितलेलंच नाही. परवा एका मुलानं आइस्क्रीमचा चमचा त्याच्या पोटात टोचला आणि बापाला म्हणाला, "ह्याची बॅटरी संपली." बापानं फोटो काढला आणि दोघं खेचराकडे गेले. रुफिनो ओरडून बघतो, "हाक मारा, हाक मारा!" एकट्याच्या ओरडण्यानं काय होणार? थोडा वेळ पडून ऑड्रा आपली आपणच उठते. स्वतःच उठणं म्हणजे, काय सांगू, पाहवत नाही गं.

रांग नाहीच मग. खेचर जाणार तरून असं सगळे म्हणतात.

ऑड्रा ठीक आहे. मध्ये एकदा जराशी घेरी आली होती. सोंगातून बाहेर आल्यावर, आत नव्हे. मीठ-पाणी दिलं. काही विशेष नाही, उगाच लिहिलं.

पाकिटात पास घातलाय. तारीख लिहिलेली नाही, कधीही चालतो.

आई

—

किसिमी, २६ जुलै

कोरी, माझी बाई,

तुझं कार्ड आलं! पोस्टमननं हॉर्न वाजवला आणि मी चपला न घालता धावले. तापलेल्या डांबरावर पाय पोळले, पण कार्ड हातात होतं.

'घेरी किती वेळ? उलटी झाली? घाम यायचा थांबला होता का?'

दोन वर्षांनी तुझं अक्षर, आणि तेही घामावर. मी ते फ्रिजवर लावलंय. ऑड्राला दिसू नये म्हणून उलटं, म्हणजे वर तळ्याचं चित्र येतं. तिनं विचारलं, "हे कुठलं तळं?" मी म्हटलं, "कुठलंतरी. पाणी सगळीकडे सारखंच."

उत्तर असं: घेरी आली ती तिनं खुर्चीला धरलं आणि गेली, तेवढीच. उलटी झाली होती, पण आदल्या दिवशी वेंडेलनं मासा खाऊ घातला होता, तेव्हा दोष कोणाचा कोण जाणे. घाम थांबला नव्हता. घामानं तिचे मोजे पिळून निघतात. आता ती भरपूर पाणी पिते, रुफिनो बाटली घेऊन मागे असतो. तू काळजी करू नकोस. किंवा कर. केलीस तर मला बरंच वाटेल.

आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात, 'आठ ऑगस्टला येते आहे. तिला सांगू नकोस. लांबून बघेन आणि जाईन.'

नाही सांगत. ओठ शिवून घेते. पण लांबून म्हणजे किती लांबून गं? एवढ्या लांबून येऊन पुन्हा लांबूनच? बरं, बरं. तू म्हणशील तसं. लाल टोपी घालून दाराशी उभी राहीन.

आई

—

किसिमी, ९ ऑगस्ट

कोरी,

तू कुठं गेलीस? मी दोन्ही हातांत पुन्हा विकत आणलेलं लिंबू-सरबत घेऊन पार्काच्या दाराबाहेर उभी होते, बर्फ वितळेपर्यंत. मग विमानतळावर गेले, तर तुझं विमान गेलेलं. तू निघून गेल्यावर काय झालं ते तुला कळायला हवं, म्हणून लिहितेय. घाईत खरडतेय, अक्षर लागलं नाही तर अंदाजानं वाच.

सकाळी दाराशी तू मला मिठी मारली नाहीस, पण माझी टोपी सरळ केलीस. माझं तेवढ्यानं भागलं. गर्दीत उभ्या राहिलो तर तू विचारलंस, "बारीक झालीय का ती?" मी म्हटलं, "अगं, आत फोमचं पोट आहे, मला कसं दिसणार?" तू हसलीस. किंचित, पण हसलीस. मी पाहिलं. म्हणून तर सरबत आणायला गेले. वाटलं, आता ती हसली, आता प्यायला काहीतरी हवं. माझं मेलं हे असंच, आनंद झाला की काहीतरी आणायला धावायचं.

सरबतवाल्यानं पेले हातात दिले आणि मी वळून बघते तर क्लोव्हिस पडला होता. टोपी, गुडघे, आडवा. छान पडला. आणि शेपटी अंगाखाली अडकली. मला एवढ्या लांबून दिसलं नाही, रुफिनोनं नंतर सांगितलं. तो तिच्या पाठीशी होता, शेपटी ओढून काढायला वाकतच होता. पण तू समोर होतीस. तू ते टोक हलायची वाट बघत होतीस ना? माझ्याच पत्रात वाचलेलं. हललं नाही तेव्हा तुझ्या मनात काय आलं असेल ते मला कळतं. आणि फोमचं पोट, ते तर श्वासानं कधीच हलत नाही.

तू गर्दी अडवायच्या दोरीखालून गेलीस तेव्हा माझ्या हातून एक पेला सांडला.

"ऑड्रा!" कोरी, अख्ख्या चौकाला ऐकू गेलं. "ऑड्रा! ऑड्रा, माझ्याकडे बघ!" आणि तू त्याचं डोकं धरून ओढायला लागलीस. तू नर्स आहेस, तुला आधी श्वासाची वाट मोकळी करायची होती. पण पोरांसमोर सोंगाचं डोकं काढणं म्हणजे त्यांच्यात सगळ्यांत मोठा गुन्हा. तिनं दोन्ही पंजांनी डोकं घट्ट दाबून धरलं. तू वर ओढतेस, ती खाली ओढते. तू नाव घेतेस, ती नाही नाही अशी मान हलवते. लोकांना वाटलं खेळ आहे. सगळी पोरं हसायला लागली. आणि मग तू थांबलीस. तिची मान हलतेय हे तुझ्या लक्षात आलं. तुझा चेहरा मी पाहिला. तेवढ्यात पहारेकरी आले. त्यांच्या नियमाप्रमाणे सोंगाला हात लावणाऱ्याला बाहेर नेतात. तू सरळ त्यांच्याबरोबर चालत गेलीस, मागे न बघता.

आता तू न पाहिलेलं सांगते.

तू वळलीस तोवर रुफिनोनं शेपटी मोकळी केली होती. आणि ऑड्रानं ती हलवली. टोक नव्हे, सगळी शेपटी, कुत्र्यासारखी, जमिनीवर आपटून आपटून. मी सगळं सोडून ओरडले, "कोरी, बघ! बघ ना!" पण गर्दीत माझा आवाज कुठला पोचायला.

मागच्या खोलीत मला कोणी जाऊ देत नाही, पण रुफिनोनं नेलं. डोकं काढलेलं होतं. केस कपाळाला चिकटलेले, तोंड लालबुंद. मी म्हटलं, "तुला कळलं का कोण होतं?"

"आजी, आवाज नाही का ओळखणार मी?"

"मग एक शब्द बोलायचास! 'मी ठीक आहे' एवढंच!"

"बोलले असते तर क्लोव्हिस संपला असता. समोर पोरं होती." मग तिनं नाक पुसलं, त्या करड्या पंजानंच. "दोन वर्षांनी आईनं माझं नाव घेतलं, आणि मी काय केलं? शेपटी हलवली."

हसत होती की रडत होती, मला सांगता येणार नाही. रुफिनो भिंतीकडे तोंड करून बाटलीचं झाकण लावत होता, लागलेलंच झाकण.

तिला तुझा राग आलेला नाही, कोरी. तू लाजून पळालीस तशी पळायची गरज नव्हती. मला तर, खरं सांगू, लोकांसमोर एवढा तमाशा झाला तरी आतून असा आनंद होतोय की बसवत नाही. उठते, फेऱ्या मारते, पुन्हा बसते.

लिही. घामावर लिही, कशावरही लिही.

आई

—

किसिमी, ३० ऑगस्ट

कोरी गं,

आधी मोठी बातमी. क्लोव्हिस राहिला! कामगार दिनाची वाटसुद्धा पाहिली नाही त्यांनी. ढग पेटीत चालला, खेचर राहणार, आणि आपला पॉसम राहणार. ऑड्राची नोकरी पक्की झाली.

आणि हे तुझ्यामुळं. खोटं नाही सांगत. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं चौकात येऊन विचारायला लागली, "ती बाई कुठाय? ओरडणारी?" क्लोव्हिस पडला की आता ती स्वतःच ओरडतात, तू ओरडली होतीस तशी, गुडघ्यावर बसून, डोकं धरून. एकानं पाहिलं, त्यानं दुसऱ्याला सांगितलं. लिंडक्विस्टबाई म्हणाल्या, "साठ वर्षांपूर्वी ह्या खेळात बघणाऱ्यांचं जे काम होतं ते आम्ही पोरांना शिकवायला विसरलो होतो. त्या बाईंनी शिकवलं." त्यांना तुझं नाव ठाऊक आहे, पण त्या 'त्या बाई'च म्हणतात, पार्कातल्या सवयीनं. आणि तुला पार्कात यायला बंदी नाही, तेही विचारून घेतलं मी. पहारेकऱ्यांनी फक्त नियम पाळला.

आता त्यांनी एक नटी ठेवलीय. जुन्या पद्धतीचा झगा, हातात पिशवी. क्लोव्हिस पडला की ती गर्दीतून धावत येते आणि "क्लोव्हिस! ऊठ!" म्हणून हाका घालते, पाठोपाठ पोरं. रांग अशी लागते की वळून ढगाच्या जागेपर्यंत जाते. ती बाई चांगली आहे, दिसायलाही गोड, पण तिला धावता येत नाही. नाचल्यासारखी धावते. ऑड्राला सांगितलं, तिला शिकव. ऑड्रा म्हणाली, "काय शिकवू, आजी? ती छान करते." आणि जेवणाचं ताट उचलून आत गेली.

मी जाऊन बघते रोज. ठरलंय असं की तिसऱ्या हाकेला उठायचं. ऑड्रा उठत नाही. चौथी होते, पाचवी होते, पोरं वेडी होतात, नटीचा घसा बसतो, आणि ही आपली पडून. मग सावकाश एक डोळा उघडते. लोकांना वाटतं काय कसब आहे! लिंडक्विस्टबाईंनासुद्धा वाटतं. मी कोणाला काही सांगत नाही.

मंगळवारी तुझं पार्सल आलं. वर तिचं नाव, आत चिठ्ठी नाही. मी म्हटलं, कागद चाळून बघ, खाली असेल. नव्हती. फक्त गुडघ्याला बांधायच्या त्या गाद्या, हॉस्पिटलातल्या, चांगल्या जाड. म्हणजे त्या दिवशी तू तिचे गुडघे जमिनीवर कसे आपटतात तेही पाहिलंस. ऑड्रा किती वेळ त्या मांडीवर घेऊन बसली. मग बांधल्या, घरभर चालून पाहिलं, एकदा स्वयंपाकघरातच धाडकन पडून पाहिलं. खालच्या पॉसमनं घर बदललं असणार. दुसऱ्या दिवशी कामाला घालून गेली, आणि तेव्हापासून रोज घालते.

काल मला म्हणाली, "आजी, आईला लिहिशील तेव्हा लिही की उजवी बरोबर बसते. डावी जरा सैल होते. अशी का होते ते तिनंच बघायला हवं."

मी डावी बघितली, कोरी. हात घालून बघितली. सैल नाही.

पण तू सैल आहे असंच धर, आणि ये.

आई